गवताचं मशीन आणि माहेरची गाय

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच वस्तू पारखून घेतली, ती म्हणजे हाताने ढकलायचं गवत कापायचं मशीन. मुंबईच्या जुन्या बाजारात म्हणे गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांतली तसली बरीच मशीनं विकायला आली होती. प्रत्येकाच्या पात्यांत वर्तमानपत्राचा कागद धरून ह्यांनी ती फिरवून पाहिली. ज्याने कागद न चुरगळता सरळ कापला, ते घेतलं. मे महिन्यात ते गोणपाटात गुंडाळून बोटीने मालवणला आलं, आणि वाडीतल्या सगळ्यांना ओसरीवर कागद कापून दाखवण्यात ह्यांची रजा संपली.

ह्यांना साहेबासारखी हिरवळ दारात हवी होती. घरापासून कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंतचा तुकडा त्यासाठी ठरला. तिथे माझी गाय बांधलेली असे. 'माझी' मुद्दाम म्हणते. त्या घरात भांडी सासूबाईंची, माड सासऱ्यांचे आणि शब्द ह्यांचा. गाय मात्र माझ्या आईने मला दिलेली. तेवढं एकच माझं होतं. तिला मागच्या परड्यात, चिखलात नेऊन बांधली.

गणेश चतुर्थीसाठी हे मुंबईहून परत आले तेव्हा दारात गुडघाभर गवत माजलं होतं. मशीन चार हात गेलं आणि गचका खाऊन अडलं. लांब गवत त्याला झेपत नाही, हे काही कागदाने सांगितलं नव्हतं. मग काय, आधी मी विळ्याने गवत उतरवायचं आणि मागून ह्यांनी ऐटीत मशीन ढकलायचं. मध्येच चिऱ्याचा खडा पात्यात गेला की माझ्या नावाने शिमगा. गडग्यापलीकडून लोक बघत होते, पण कौतुक सगळं मशीनचं.

मशीनमधून पडलेलं गवत शेवयांसारखं बारीक आणि ओलं होतं. आमच्याकडे गवताची काडी कोणी टाकून देत नाही. ह्यांनी ते सगळं दोन मोठ्या टोपल्यांत दाबून भरलं आणि रात्रभर पडवीत ठेवलं. सकाळी मी हात घातला तर आत ऊन ऊन लागलं. आंबूस वासही येत होता.

"अवो, ह्यां तापलाहा. गायीक घालू नकात."

"तुका काय कळता? बारीक करून दिलंय तिका. चावूचे पण कष्ट नाय."

लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी गायीला स्वतःच्या हाताने चारा घातला. दोन्ही टोपल्या रिकाम्या केल्या.

दुपारपर्यंत तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. बांबूच्या नळकांड्याने खोबरेल पाजलं, पोट चोळलं, शेजाऱ्यांनी सांगितलं ते सगळं केलं. उन्हं उतरायच्या आत ती गेली. मी हंबरडा फोडला तर सासूबाई म्हणाल्या, "गप रव गो, उद्या गणपती घराक हाडूचो आसा." पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तिला घाईघाईने शेताच्या कडेला पुरली. दुसऱ्या दिवशी आरतीला आलेल्यांनी हिरवळीची तोंडभरून तारीफ केली, आणि हे ती ऐकत उभे राहिले.

हे चुकले याचा मला राग नाही. माणूस चुकतो. पण पुढे ह्यांनी गोष्टच बदलली. कोणी विचारलं की सांगायचे, गाय हावरी होती, खाऊन खाऊन मेली. हावरी! मी तिला एक दिवस उपाशी ठेवली नव्हती. घरच्या माणसाने हाताने घातलेलं तिने विश्वासाने खाल्लं, एवढाच तिचा गुन्हा. मी काही बोलायला गेले की सासूबाई डोळे वटारायच्या.

मग एकदा माझी आई आली. ओसरीवर चहा घेताना ह्यांनी तिलाही तेच ऐकवलं. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता आई बोलेल. त्या गायीची आई विताना मेली होती, तेव्हा आपली बोटं दुधात बुडवून तिला चोखायला देत माझ्या आईने ती जगवली होती. ती तरी बोलेल.

आईने पदर सारखा केला. "व्हय तर," ती जावयाला म्हणाली, "आमच्याकडे होती तेवाय हावरीच ती." आणि बशीतला चहा संपवला.

ह्यांना मी पुढे कधीतरी माफ केलं असेन, संसारात होतं तसं. आईला नाही केलं.