थाप ऐकूनही मी सोडलं नाही

मंडळी, आज सकाळी आयकिदोच्या वर्गात मी एका माणसाचं मनगट मोडलं.

सर म्हणाले, "हा पेच जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतला. सामुराई यानं हात मोडत. आपण माणसाला फक्त खाली आणतो. त्यानं चटईवर थाप मारली, की लगेच सोडायचं."

सरावातले माझे जोडीदार वकीलसाहेब रोजच्यासारखे हसले. "पोळ्या लाटणारे हात हायेत हे, काय पेच टाकतीन?"

मी टाकला. ते गुडघ्यावर आले, थापा मारू लागले. "सोड बाई, दुखून राह्यलं!" मी ऐकलं आणि आणखी पिळलं. कट्कन आवाज आला.

"मले थाप ऐकूच नाही आली," मी सरांना रडत सांगितलं. वकीलसाहेबच मला समजावत होते, "रडू नको, चुकून झालं."

चुकून नव्हतं. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. खरं सांगा, तुम्ही सोडलं असतं?