स्लॉथच्या नख्या
झोटवाड्याच्या दुकानात चार्टपेपर घेताना स्केचपेनचा तो उग्र वास आला, की अजून माझं डोकं फिरतं. आम्ही इथे, हिंदी मुलखात, रेल्वे कॉलनीत राहायचो तेव्हाची गोष्ट. शाळेसाठी ताईने आणि मी मिळून चार्ट केला होता: वर घनदाट जंगलातला निळाशार गाणारा पक्षी, खाली फांदीला उलटा लोंबकळणारा, कमालीचा संथ स्लॉथ, आणि मधे दोघांतला फरक. रविवारी महाराष्ट्र मंडळाची माणसं आमच्याकडे पोह्यांना जमली, तेव्हा बाबा म्हणाले, "हे मराठीतून सांगा बरं." ताईने पक्षी घेतला. "हा खूप चहकतो, मतलब दिवसभर उडतच राहतो," असं हिंदी-मराठी एक करत ती भराभर बोलली आणि टाळ्या घेऊन बसली. मी स्लॉथ घेतला. "त्याच्या पायांना लांब, वाकड्या..." इथे मी अडले. हिंदीतला 'पंजे' जिभेवर होता, पण मला आईच्या तोंडचा शब्द हवा होता. तो येतच होता, तेवढ्यात बाबा आधी ताईकडे, मग माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "एक आमचा पक्षी, आणि हा आमचा स्लॉथ." सगळे हसले. मी 'नख्या' म्हणाले, ते कुणाला ऐकूही गेलं नाही. मी पोह्यांची बशी आपटून आत गेले, तर उर्मट म्हणून बोलणी मीच खाल्ली. आता आजारपणानंतर बाबाच एकेका शब्दासाठी चाचपडतात. भेटायला आलेले त्यांचं वाक्य पुरं करायला लागले, की मी त्या पाहुण्यांवर खेकसते, "थांबा, बोलू द्या त्यांना." एवढंच तर म्हणायचं होतं तेव्हा कुणीतरी.