रेडिएटरातली हळद

...हां, तर लिही, चिंतूचे कान लई तिखट. इंजिन चालू झालं का तो मान वाकडी करून डोळे मिटायचा, आणि मग सांगायचा, "बेरिंग गेलंय." गॅरेजातले ते युपीवाले हसायचे, "चिंतूभाई, इंजन से बात करते हो क्या?" तर म्हणायचा, "मी कुठं बोलतो? तेच बोलतं. मी ऐकतो."

चिंतू कोण ते आधी लिही, नायतर वाचणाऱ्याला काय कळणार? डोंगराकडचा मानूस. मनोरच्या पलीकडं त्याचा पाडा. पावसावर थोडी नाचणी व्हायची, ती संपली का बाप सगळ्यांना घेऊन वीटभट्टीवर जायचा. चिंतूनं भट्टी लई पाहिली लहानपणी. म्हणून तो बोईसरला पंढरीशेटच्या गॅरेजवर आला, नटबोल्ट धुता धुता मिस्त्री झाला. बावीस वर्षं तिथंच. शाळा माझ्याएवढीच, म्हणजे काय नाय. पण लोक ट्रक घेऊन यायचे ते त्याचं नाव घेत यायचे. बायको बुधी, ती सांगायची, "आमचा मानूस मिस्त्री हाय," आणि त्या शब्दावर ती किती उंच व्हायची!

इथं शिरगावला आपल्या वाडीतला पंप बिघडला का तोच यायचा. मला बाय म्हणायचा. काम झालं का पडवीत बसून चहा प्यायचा. त्याचा कप येगळा होता. लिही, लिही. होता तर होता.

आता तुझ्या पप्पाचा ट्रक. केदारनं जुनाच घेतलेला, चिकू-नारळ वाशीला न्यायला. गेल्या माघात त्याचं पाणी कमी व्हायला लागलं. रोज सकाळी झाकण खोललं का दोन तांबे पाणी कमी. आणि खाली जमिनीवर थेंब नाय! केदार म्हणाला, "आई, पाणी जातंय कुठं? भूत पितंय काय?"

नेला बोईसरला. मी पण गेलेली त्या दिवशी, डोळे दाखवायला, म्हणून समदं पाहिलं. चिंतूनं आधी ऑइलची पट्टी काढली. म्हणाला, "दूध नाय झालं, म्हंजे पाणी आतमंदी नाय गेलं, बाय. जीव वाचला." मग रेडिएटरचं झाकण खोलून इंजिन चालू केलं, पाण्याला बुडबुडे येतात काय ते बघत बसला. ते पण नाय. मग इंजिन धुतलं, पुसलं, कोरडं केलं, आणि खिशातनं तोंडाला लावायची पावडर काढली. बुधीचा डबा! समदीकडं पावडर मारली. ते युपीवाले लोळायला लागले हसून, "दुल्हन सजा रहे हो क्या?"

"बारात तुमची हाय, बसा गप," चिंतू म्हणाला.

इंजिन तापवलं. आणि बग, पाण्याच्या पंपाखाली त्या पांढऱ्या पावडरीत एक ओली रेघ उतरली. केसाएवढी. तिथं एक बारीक भोक असतं म्हणे. आतलं सील गेलं का पाणी तिथनं येतं, आणि तापल्या इंजिनवर पडून वाळून जातं. म्हणून खाली थेंब नाय.

केदारला म्हणाला, "पंप बदलायचा. सामान परवा येईल. तवर गाडी लांब काढू नको. आणि विहिरीचं खारं पाणी ओतू नको, आतनं खाऊन टाकतं."

केदार म्हणाला, "परवा? चिकू काय परवापर्यंत थांबणार?" आणि गाडी घरी घेऊन आला.

आता पुढचं नीट लिही. चिकूच्या पेट्या भरून पडवीत, वास सुटलेला. केदार डोकं धरून बसलेला. मीच म्हणाले, "तुझा बाप काय करायचा? मूठभर हळद टाकायचा रेडिएटरमंदी, गळती थांबायची." तो म्हणाला, "चिंतू नको म्हणेल." मी म्हणाले, "चिंतू काय तुझ्या बापापेक्षा शहाणा?" आणि डब्यातली हळद मी दिली. एक मूठ नाय, दोन. ह्या हातानं.

हळदीनं पंपाचं भोक कशाला बुजतंय! गाळ जाऊन बसला रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. एकीकडनं पाणी गळतंय, दुसरीकडनं फिरत नाय. इंजिन तापलं ते सांगणारा काटा तर कवाचा बंद पडलेला. वसईच्या पुढं गाडी उकळली, इंजिन जाम. हेड फुटलं. चिकू रस्त्यावर सडले.

केदारनं गॅरेजवर जाऊन तमाशा केला. म्हणाला, चिंतूनंच गाडी खोलून कायतरी बिघडवून ठेवलं. चिंतूनं रेडिएटर उतरवला, आतला पिवळा गाळ बोटावर घेतला, हुंगला. "शेट, ह्याच्यात हळद हाय. मी नाय टाकली." केदार म्हणाला, "मग तूच टाकली असशील, पंपाचं काम टाळायला."

तवा चिंतू म्हणाला, "बायला विचारा. बाय सांगेल ते मी मानतो."

पंढरीशेट त्याला मोटरसायकलवर बसवून इथं घेऊन आला. मी उंबऱ्यात उभी. शेट म्हणाला, "काकी, घरातनं हळद दिली काय केदारला?" केदार माज्याकडं बघतोय. चिंतू माज्याकडं बघत पण नव्हता, एवढा बिनघोर होता तो.

मी म्हणाले, "नाय बा."

चिंतूनं मान वर केली. रागावला नाय. मान वाकडी करून डोळे मिटले, इंजिन ऐकताना मिटायचा तसे. मग म्हणाला, "चला शेट."

त्याच दिवशी कामावरनं काढला. शेटनं बाकीच्या गॅरेजवाल्यांना पण सांगून ठेवलं. बोईसर, तारापूर, पालघर, कुणी उभा नाय केला. कुणाला खोटं वाटलंच नाय, डोंगरावरचा मानूस, चुकलाच असणार. औंदा दिवाळी झाली आणि चिंतू बुधीला घेऊन भिवंडीकडं वीटभट्टीवर गेला. त्यांच्या पोरीची, स्वातीची, शाळा सुटली. मी ऐकलं ते बाजारात, मासे घेताना.

काय थांबलीस? "पप्पांचं नाव लिहू?" लिही. माजं पण लिही, जयवंती. केदार चिडेल तर चिडू दे, मला जेवायला नाय देणार काय? मी सगळं त्याच्यासाठी केलं, आणि तो अजून म्हणतो, "आई, तुला कुणी विचारलं होतं हळदीचं?"

चिंतूची माफी मागतेय असं लिहू नको. मागून काय त्याची भट्टी सुटणार हाय?

पण हे ज्याच्या हातात पडेल त्यानं एवढं करा. बोईसरला जाणं झालं तर पंढरीशेटच्या गॅरेजवर थांबा, सगळे मिस्त्री असतील तवा, आणि मोठ्यानं सांगा: पंप गेलाय ते चिंतूनं बरोबर सांगितलेलं. हळद शिरगावच्या जयवंतीनं दिली, आणि विचारलं तवा ती खोटं बोलली.