एका किकची गाडी

इंग्लंडमधल्या आमच्या क्लोजमध्ये, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या गल्लीत, कुणाचा बॉयलर बंद पडला की प्लंबरच्या आधी कन्सल्टंटकाका हजर होत. बोलावलेलं नसे. बॉयलरसमोर उभं राहून ते "कधीपासून होतंय?" असं विचारत, झाकणावर दोन बोटांनी टकटक करत, "वय झालंय त्याचं," म्हणत आणि चहा घेऊन जात. बॉयलर असो, कुणाच्या मुलाचं लग्न असो की सरकारचं बजेट, त्यांचं मत तयार असे आणि ते आधी बोललेल्या माणसाच्या बरोबर उलट असे. उभी हयात साउथहॅम्प्टनला हाडांचे कन्सल्टंट म्हणून काढली होती. निवृत्त झाले तरी राउंड घ्यायची सवय काही सुटली नाही. हॉस्पिटल सुटलं आणि आम्ही सापडलो.

समोरच्याच घरात राहत असल्यामुळे मी जरा जास्तच सापडलो. त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली एक स्कूटर होती. पुण्याहून इकडे येताना लोक लोणची आणतात, कुकर आणतात. काकांनी बोटीतून स्कूटर आणली होती. पुण्याच्या नंबरची पाटीसुद्धा तशीच होती. इथे उतरल्यापासून ती रस्त्यावर आलेली कुणी पाहिली नव्हती, पण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काका गॅरेजमध्ये नेत, ताडपत्री उचलत आणि सांगत, "एका किकची गाडी आहे. आजही!" कुणी चुकून "मारून दाखवा की" म्हणालंच, तर बाहेर पाऊस असे. इंग्लंडने या एका बाबतीत काकांना कधी दगा दिला नाही.

दसऱ्याला मात्र तिचा थाट बघावा. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. अक्षता तर काका मूठमूठ उधळत, लग्नात मुलाकडचे उधळतात तशा. काकू मागे प्रसादाची वाटी घेऊन उभ्या असत. "माझी कंबर धरली होती तेव्हा एवढी हळद नाही लावली यांनी," असं त्या दर वर्षी म्हणत. काका दर वर्षी ऐकलं नाही असं दाखवत.

मग काकांचेच गुडघे कुरकुरायला लागले, जिना चढवेना, आणि घर विकून ग्लासगोला मुलीकडे जायचं ठरलं. मुग्धा तिथे डॉक्टर आहे. वडिलांना उलट उत्तर देण्याची हिंमत असलेली ती मला माहीत असलेली एकमेव व्यक्ती. व्हिडिओ कॉलवर तिने सरळ सांगितलं, "बाबा, सीरियसली, तो स्कूटर चालत असेल तर आण. नाहीतर इट्स गोइंग टू द टिप, सरळ भंगारात. माझ्या गॅरेजमध्ये म्युझियम नकोय मला." सामान न्यायची व्हॅन शनिवारी येणार होती. काकूंनी लगेच मुलीची बाजू घेतली. "जाऊ दे मेली एकदाची. उभी राहून राहून तिलाही कंटाळा आला असेल."

काका तडक माझ्याकडे आले. "निखिल, आपल्याला गाडी सुरू करायची आहे." यातलं 'आपण' म्हणजे कोण, हे मला कळायला वेळ लागला नाही. ते निळे हातमोजे चढवून बागेतल्या खुर्चीत बसले. मी गार फरशीवर आडवा झालो. "टॉर्च. पान्हा. अरे, तो नाही, दुसरा." माझे हात कोपरापर्यंत काळे झाले, नखं तुटली. काकांचे हातमोजे शेवटपर्यंत नवे होते. मधूनच ते काकूंना सांगत, "केस अवघड आहे, पण आपल्या हातात आहे." मला खरंच पान्हा फेकून मारावासा वाटे.

टाकीतल्या पेट्रोलची काकवी झाली होती. एअर फिल्टरचं झाकण उघडलं, तर आत तांदूळ! इतक्या दसऱ्यांच्या अक्षता फटीफटीतून आत जाऊन बसल्या होत्या, कुंकवाने लाल झालेल्या, काही काळ्या पडलेल्या. काका वाकून बघत म्हणाले, "म्हणजे श्वासच अडकला होता. मी म्हणतच होतो." काकू म्हणाल्या, "मुगाची डाळ आणू का? खिचडी होईल." किकचा दांडा जागचा हलत नव्हता. व्हिडिओत बघून मी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि एक दिवस तसंच राहू दिलं, तेव्हा कुठे तो सैल झाला. नवा प्लग मागवला. कार्ब्युरेटर काकूंच्या जुन्या टूथब्रशने घासला. "पेट्रोल मी आणतो," काका म्हणाले. सगळ्या कामात त्यांनी अंगावर घेतलेलं हे एवढं एकच काम.

शुक्रवारी दुपारी मी किक मारायला लागलो. पाय भरून आले, गाडी ढिम्म. "एक किक म्हणजे अर्थात गाडी गरम असताना," काकांनी खुलासा केला. मग त्यांनीच तिला डाव्या अंगाला आडवी करून परत सरळ केली, सगळे पुणेकर करत तशी, आणि मला बाजूला सारून किक मारली. गाडी सुरू झाली! गॅरेज निळ्या धुराने भरून गेलं. "बघ, एका किकमध्ये!" माझ्या किका जमेतच धरल्या नव्हत्या. पण खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की काळ्या हातांनीच मी त्यांना मिठी मारली. मुग्धाला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर आलं, "ओके, ओके, आण!"

आता चक्कर मारल्याशिवाय काका थोडेच राहणार? मी एमओटीची तपासणी नाही, इन्शुरन्स नाही म्हणून बघितलं. "क्लोज म्हणजे काही रस्ता नव्हे," असा निकाल लागला. काकूंना हाक गेली. "माझी भाजी आहे गॅसवर," म्हणत त्या आल्या, पफर जॅकेट आणि घरातल्या सपाता अशा अवतारात, आणि कुणी काही सांगायच्या आत एका बाजूला पाय सोडून मागे बसल्यासुद्धा. काकांच्या खांद्यावर हात गेला. एक चक्कर झाली. शेजारच्या खिडक्यांतून लोक बघत होते. मला हसू येत होतं.

दुसऱ्या चकरेत आवाज चिरका झाला, मागचं चाक घासलं आणि गाडी क्लोजच्या तोंडाशी थांबली. मी धावलो. किक दगडासारखी घट्ट.

"काका, पेट्रोलमध्ये ऑइल किती घातलं होतंत?"

"कसलं ऑइल?"

"टू-स्ट्रोक गाडी आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला लागतं. आत्ता आठवतंय मला."

"ते पंपवाला घालायचा," काका म्हणाले.

पुण्यात पंपावर ते नुसतं "भर" म्हणत. बाकीचं तो माणूस बघे. इथे नळी आपणच धरायची असते. परवाच्या चमचाभर ऑइलवर गाडी एवढी पळाली, हेच खूप. इंजिन सीझ झालं होतं. दुसऱ्या दिवशी व्हॅन येणार आणि तिच्यात स्कूटर नसणार, हे तिघांनाही कळलं.

काका खाली उतरले. "उतर गं," ते म्हणाले. "ढकलत नेऊ."

काकू उतरल्या नाहीत. जॅकेटची चेन त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"थांबा हो जरा. इतक्या वर्षांनी आत्ता तर बसलेय."

मागे एक पार्सलवाला व्हॅन घेऊन खोळंबला होता. काकांनी त्याला हात करून थांबायला सांगितलं, आणि गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी हँडल धरून उभे राहिले.