जोडलेले हात

मी हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस अडलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि देवाधर्मातलं तर मला त्याहून कमी कळतं. असे अनुभव साधना केलेल्या माणसांनी लिहावेत. माझं हे धाडस वाचकांनी पोटात घालावं. शिवाय या प्रसंगात माझी श्रद्धा आधी वाढली नव्हती, उडाली होती.

कॉलेजची आम्ही काही मुलं एका रविवारी सकाळी तासगावहून सायकलींवर औंधच्या यमाईला निघालो. सर्वांत पुढे आमचे सर. रांग मोडायची नाही, दोन सायकलींत अंतर ठेवायचं, पुढच्यानं खड्डा दाखवला की आपण मागच्याला दाखवायचा, हे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. माझ्यापुढे माझा मित्र अमोल होता. सैन्यभरतीसाठी देवीला साकडं घालायला तो चालला होता. आमच्याकडे वाटेत देऊळ दिसलं की हात आपोआप छातीकडे जातो. विट्याच्या पुढे उतारावर वळण घेतलं आणि बिरोबाचं देऊळ आलं. अमोलने हँडल सोडून दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. तेवढ्यात पुढून खड्ड्याची खूण आली. ती त्याला दिसलीच नाही आणि तो सायकलसकट रस्त्यावर आपटला.

मी अंतर राखून होतो म्हणून त्याच्या अंगावर गेलो नाही. त्याच्या हेल्मेटला तडा गेला होता आणि कितीही हाका मारल्या तरी तो ओ देत नव्हता. मानेला मार असेल, हलवू नका, असं सांगून सर ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागले. त्याच वेळी वळणामागून उतरणाऱ्या ट्रकचा आवाज आला. आम्ही ड्रायव्हरला दिसणार नव्हतो.

कडेच्या माळावर एक बाई मेंढरं चारत होती. "पोराला हात लावू नगा. गाडीचं मी बघते," म्हणत तिने मेंढरांना हाळी दिली आणि सगळा कळप आमच्यामागे थेट वळणापर्यंत रस्त्यावर पसरला.

"मावशी, मेंढरं चिरडतील," मी म्हणालो.

"एक पोर दिसायचं न्हाई, पर एवढी मेंढरं आंधळ्यालाबी दिसत्यात."

ट्रक करकचून थांबला. "रस्ता काय तुझ्या बाचा हाय व्हय?" ड्रायव्हर ओरडला.

"बिरोबाचा हाय. उतर खाली."

तो उतरला आणि अमोलला पाहताच आपली ताडपत्री काढून त्याच्यावर सावली धरून उभा राहिला. मावशीने देवळातला भंडारा आणून अमोलच्या कपाळाला लावला. माझा संयम सुटला. "देवाला हात जोडले म्हणूनच पडला तो," मी म्हणालो.

ती रागावली नाही. "दोन्ही हात कशाला सोडायचं रं? एक हात सायकलीवर ऱ्हायला म्हणून द्येव रुसतोय व्हय?"

ॲम्ब्युलन्स आली आणि अमोलला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. आत घरच्यांनाच सोडत होते, म्हणून मी परतलो. रात्रभर तिचं बोलणं मनात घोळत होतं. शरण जाणं म्हणजे आपल्या हातातलं सोडून देणं, असं मी समजत होतो. आपल्या हातातलं आपण नीट धरावं. वळणामागचं, जे आपल्याला दिसतच नाही, तेवढं देवावर सोपवावं. तिथे कुणाला उभं करायचं, हे त्याला कळतं. तो कळप त्या वेळी तिथे कसा, हे मी कुणाला विचारत नाही. फक्त नमस्कार करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमोलच्या आईचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं, म्हणून मी आधी भलतंच समजलो.

"आरं, डोळं उघडलं त्यानं. च्या मागतोय. देत न्हाईत म्हणून नर्सबाईवर रागावलाय."