अठरावं दार

वर्ध्याच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी फाईल तिसऱ्यांदा उघडून पाहिली. पासपोर्ट, व्हिसा, डिग्री, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. गाडी सुटताना ते एवढंच म्हणाले, "कागद पूर्ण ठेव. कागद पूर्ण असला की कुणी बोट दाखवत नाही." आईनं खिडकीतून डबा दिला आणि गाडी वळेपर्यंत ती उभी राहिली.

बाबा चुकत होते हे कळायला मला वीस वर्षं लागली. कळलं तेही शिकारीच्या नादात.

गावाकडच्यांनी दचकू नये. इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, हरणाच्या शिकारीचं लायसन्स मिळतं, आणि ऑक्टोबरपासून धनुष्यबाणाचा सीझन असतो. ऑफिसातल्या डेव्हमुळे मी पंचेचाळिसाव्या वर्षी धनुष्य हातात धरलं. वीस यार्डांवरून दहापैकी नऊ बाण ताटाएवढ्या वर्तुळात बसेपर्यंत मी लायसन्स काढलं नाही. अर्धवट नेमानं मुक्या जिवाला जखमी करून सोडण्याचा हक्क कुणालाच नाही.

नेम जमला, पण झाडावर मचाण बांधून बसायला जागा मिळेना. सरकारी जंगल मी राहतो त्या ट्रॉयपासून चाळीस मैल. दोन शनिवार गेलो. दोन्ही वेळा माझ्या झाडापासून हाकेच्या अंतरावर आधीच कुणीतरी बसलेलं. डेव्ह म्हणाला, शेतकऱ्यांची दारं ठोठाव.

मग मी आपल्या पद्धतीनं तयारी केली. लायसन्सची झेरॉक्स, सेफ्टी क्लासचं सर्टिफिकेट, कंपनीचं पत्र, बसण्याच्या जागेचा नकाशा. टाय लावून सतरा दारं ठोठावली. तीन उघडलीच नाहीत. एकानं जाळीतूनच "इन्शुरन्स नको" म्हणून सांगितलं. दुसऱ्याला वाटलं मी टॅक्सखात्याचा, तो नकाशाकडे बोट दाखवून ओरडला, "माझी जमीन मोजायला तुला कुणी पाठवलं?" बाकीच्यांनी सरळ नाही म्हटलं.

डेव्ह खुर्चीतून पडेपर्यंत हसला. "टाय काढ, आणि त्यांची लाकडं उचलायला जा!"

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तर मी करमणूकच झालो. कुलकर्णी काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय शिकारी, हरीण कुठाय? का तेही ग्रीन कार्डाची वाट बघतंय?" माझी मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट प्ले टेनिस, प्लीज." मला हसू आलं नाही. कर भरतो, नियम पाळतो, आणि एका झाडावर बसायला जागा मिळत नाही, यात विनोद कुठे आहे?

अठरावं दार वॉल्टर नावाच्या सत्तरीतल्या शेतकऱ्याचं. टाय काढून गेलो. तीन शनिवार त्याची लाकडं फोडून रचली. चौथ्या शनिवारी त्यानं स्वतःच शेताच्या कडेचं ओकचं झाड दाखवलं. "तिथे बस. माझा अर्धा मका हरणंच खातात." मी त्याच्याकडून तेही लिहून सही करून घेतलं.

दुसऱ्याच सकाळी झाडाखाली पोलीस आला. शेजारच्या शेतकऱ्यानं फोन केला होता, कुणी अनोळखी माणूस झाडावर चढलाय म्हणून. मी उतरलो, कागद दाखवले. एकही कमी नव्हता. तरीही पोलिसानं वॉल्टरला घरातून बोलावून विचारलं, "हा खरंच तुझ्या परवानगीनं आलाय?" त्यानं हो म्हटलं, मग पोलीस मला म्हणाला, "पुढच्या वेळी आधी शेजाऱ्यांना कळवत जा, सर. सोपं पडेल."

कुंपणापलीकडे तो शेजारी ट्रकला टेकून कॉफी पीत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याच्याच भाच्याला मी आधीच्या एका शनिवारी, लाकडं रचताना, वॉल्टरच्या शेतात धनुष्य घेऊन जाताना पाहिलं होतं. त्यासाठी कुणी फोन केला नव्हता.

वॉल्टर हळूच म्हणाला, "कळवून टाक ना, बडी. कशाला कटकट?"

इतक्या वर्षांत मी या देशात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. "नाही. जमीन तुझी आहे. तू नको म्हण, मी आत्ता जातो. पण त्याला विचारणार नाही."

वॉल्टरनं बुटानं माती उकरली. मग म्हणाला, "शनिवारी ये."

शनिवारी गेलो. उजाडलं तेव्हा शेजाऱ्याचा ट्रक कुंपणाशी उभाच होता. सातच्या सुमारास मक्यातून एक मादी आली, अठरा यार्डांवर आडवी उभी राहिली. वर्षभर याच क्षणासाठी सराव केला होता. धनुष्य ताणलं, तर हात थरथरत होता. थंडीनं नव्हे, संतापानं. त्या हातानं सोडलेला बाण कुठे लागला असता याचा हिशेब मला पक्का ठाऊक होता. मी दोरी सैल केली. ती चरत चरत निघून गेली.

तुम्ही गावाकडचे पत्रात विचारता, तिकडे आता घरासारखं वाटतं का. ट्रॉयमध्ये चार बेडरूमचं घर आहे, मुलीची शाळा आहे, पाच मैलांवर हिंग मिळतो. पण त्या ओकवर बसून ज्या दिवशी माझा हात स्थिर राहील, त्या दिवशी मी हो म्हणेन. अजून राहिलेला नाही.