सर्व्हिसिंगनंतरची थरथर

आईला हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि ती ते वर्षभर टाळत होती. कधी सोयाबीनची काढणी, कधी भाचीचं लग्न, कधी नुसतंच "पाहू ना". गेल्या हिवाळ्यात तिनं एकदाची मान हलवली, तीही एका अटीवर. अकोल्याला जाईन तर आपल्याच गाडीनं, परक्याच्या गाडीत बसणार नाही. तिचा स्वभाव मला चांगला ठाऊक. तिला एक निमित्त पुरतं. मांजर आडवं गेलं असतं तरी ती चप्पल काढून परत घरात जाऊन बसली असती. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच मी गाडी मंगरूळपीरला नेली आणि सर्व्हिसिंग करून आणली. ऑइल बदललं, फिल्टर बदललं, प्लग नवे टाकले.

आसेगावला घरी परत येताना गाडी इतकी मऊ चालली की मी मिस्त्रीला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. अंगणात निंबाखाली लावली, जेवलो आणि जरा आडवा झालो. ऊन कलल्यावर पेट्रोल भरून आणावं म्हणून चावी फिरवली, तर गाडीला हुडहुडी भरली. इंजिन आचके देत होतं. ॲक्सिलरेटर दाबला की उचलण्याऐवजी खोकत होतं. समोरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला होता.

माझं डोकं फिरायला कधीच वेळ लागत नाही. सकाळचे आशीर्वाद परत घेऊन मी मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चांगली धावणारी गाडी याच्या हातात दिली आणि यानं तिची ही गत केली! आई ओट्यावरून सगळं पाहत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई नाई. आत्ता आनतो नीट करून."

ती उठून घरात गेली. हिला निमित्त सापडलं, असंच मला वाटलं. डॉक्टर म्हणाले होते, आता आणखी लांबवू नका.

मी गाडी वळवतो तोच बाबा येऊन शेजारी बसले. बाबा म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या माणसाला थांबवून विचारणार, "लिंबानं गाडी चालते, त पंपावर लिंबं काहून नाई इकत?" आईच्या देव्हाऱ्यासमोर त्यांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. आमच्या गाडीला घेतल्या दिवसापासून कुंकवाचं बोट लागलं नव्हतं. आई त्याबद्दल आधी भांडायची, मग तिनं तो नाद सोडला.

एरवी मी गाडी चालवताना बाबांची रनिंग कॉमेंट्री सुरू असते. गिअर उशिरा टाकला, ब्रेक जोरात मारला. त्या दिवशी गाडी मंगरूळपीरपर्यंत गचके खात गेली तरी ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "सर्व्हिसिंगचंच असंन ना हे?"

"मंग दुसरं कायचं?" मी खेकसलो.

"हो, तेच," म्हणत ते खिडकीबाहेर पाहायला लागले.

गॅरेजमध्ये शिरताच मी तोफ डागली. मिस्त्रीही काही कमी तापट नव्हता. "सकाळी मी सोता चालवून पाह्यली भाऊ. घरापावतर कशी गेली, ते सांगा पह्यले."

"बरी गेली," मला कबूल करावं लागलं.

"मंग घरी काय झालं?"

"घरी काय व्हते? उभी होती निंबाखाली."

तो पुटपुटत कामाला लागला. फिल्टरचा पाइप सैल राहिला असेल म्हणून तो पाहिला, घट्ट होता. वायरी पाहिल्या, जागच्या जागी होत्या. मी मात्र इकडून तिकडे येरझारा घालत होतो. उद्या सकाळी निघायचंय, हे एकच डोक्यात घोळत होतं. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा मला एक वास आला. गूळ करपल्यासारखा. मी मिस्त्रीला सांगितलं, त्यानंही वाकून हुंगलं, पण त्याला उलगडा होईना.

मग त्यानं चालू इंजिनवरच एकेका प्लगची वायर काढून पाहिली. वायर काढली की इंजिन आणखी लंगडायचं, म्हणजे तो प्लग कामावर होता. कोपऱ्यातल्या प्लगची वायर काढली, तर आवाजात काहीच फरक पडला नाही.

"हाच सुटीवर हाय," मिस्त्री म्हणाला.

इंजिन बंद करून त्यानं प्लगवरची, ठिणगी देणारी कॉइल उपसली. खालून ती चिकट, ओली. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. त्यानं चिमट्यानं पांढरं काहीतरी बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"भाऊ, हे त खोबरं होय."

मग बोनेटकडे मान वर केली. बोनेटच्या आतल्या अंगाला कुंकवाचं एक बोट उमटलं होतं आणि त्याला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते.

"पूजा केली काय गाडीची?"

"आमच्या घरी? पूजा?" मी हसलोच. आणि बाबांकडे पाहिलं.

ते जुन्या टायरांजवळ मान खाली घालून उभे होते. "मीच," ते म्हणाले. "तू झोपला होता तवा. बाह्यरून केली असती त साऱ्या गावानं पाह्यलं असतं. म्हनलं आतून करू, नारळबी आतच फोडला. मशीन त आतच राह्यते."

"पन काहून, बाबा?"

"मले भेव लागून राह्यलं रे."

मला हसू येत होतं आणि डोळेही चुरचुरत होते. मिस्त्री मात्र हसला नाही. कॉइलचं रबर दाखवत म्हणाला, "माह्यंबी चुकलं, गुर्जी. हे मी पुरतं दाबलं असतं, त पानी आत गेलंच नसतं." हवा मारून त्यानं खड्डा कोरडा केला, प्लग पुसला, रबर दाबून बसवलं. चावी फिरवली. थरथर गेली होती.

परतीच्या वाटेवर बाबा एवढंच बोलले, "तुह्या मायले सांगू नको."

घरी पोचलो तेव्हा आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. प्लगचं रबर सैल होतं, असं मी सांगितलं. "हं," ती म्हणाली. "नसती सुधरली त यष्टीनं जानार होती मी." मी चाटच पडलो. जिला परक्याची गाडी चालत नव्हती, ती यष्टीनं निघाली होती.

सकाळी ती बाहेर आली ती हातात नारळ घेऊन. तो बाबांच्या हातात देत म्हणाली, "हा बाह्यरून फोडा." बाबांनी मान वर केली नाही. चाकापाशी दगडावर निमूट नारळ फोडला.

मंगरूळपीर मागे पडल्यावर मागच्या सीटवर बाबांना डुलकी लागली. आई माझ्या शेजारी होती. मी हळूच विचारलं, "तुले कसं समजलं?"

"खिडकीतून दिसते सारं." तिनं मागं वळून बाबांकडे पाहिलं. "परवापावतर मनात नाईच होतं माह्या. पन काल त्याईले बोनेटमंदी डोकं घालून हात जोडतानी पाह्यलं. साऱ्या जिंदगीत पयल्यांदा त्या मानसानं देवाजवळ काई मांगतलं. आता मीच नाई म्हनलं त कसं होईन?"